चौथं पान

उर्वशीनं लिहिलेली अकरा पानांची फाईल संघदीपनं उघडली आणि एक ओळही न वाचता ‘पाळणा’मधून काढून टाकली. तिच्यादेखत.

“चाळीस बिघाड पडून आहेत,” तो म्हणाला. “कामाले आपण दोघं. अन् तू दर रविवारी बसून माहितीपुस्तिका लिहून राह्यली?”

“लोकायले वापरता याले नको का?”

“फुकट देऊन राह्यलो, तेवढं पुरत नाही का? कोड सगळ्याइले उघडा आहे. ज्याले समजून घ्याचं, त्यानं वाचावा.”

‘पाळणा’ म्हणजे गावोगावच्या आशाताईंना बाळांच्या लसीची तारीख सांगणारं ॲप. सुरुवातीला नऊ जण होते, बिनपगारी, हौसेनं. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, सात पांगले. संघदीप दिवसभर घाटंजीत संगणकाचा क्लास चालवायचा आणि उरलेल्या वेळात हे. बिघाड दुरुस्त करायला एक माणूस पुढे येत नव्हता, आणि माहितीपुस्तिका कुठाय म्हणून विचारायला सगळे हजर! डोकं सणकायचं ते उगाच नाही.

तेवढ्यात क्लासच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. झरी जामणीकडून दोन बस बदलून, ॲपवरचा पत्ता शोधत आलेली आशाताई कौसल्या. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“हे पाहा,” तिनं मोबाईल पुढे केला. “माह्या गावचं एकूणएक लेकरू बुधवारी जन्मलं. असं असते का कुठं?”

बुधवार बाजाराचा. तिच्या गावात रेंज नव्हती, म्हणून ती बाजाराला गेली की तिथंच सगळी नावं एकदम भरायची, आणि ॲप त्या दिवसाचीच जन्मतारीख धरायचं. पावसाळ्यात नाल्याच्या पुरानं महिनाभर बाजाराला जाणं झालं नाही. महिन्याचं पोर ॲपमध्ये ती पुन्हा बाजाराला गेली त्या बुधवारी जन्मलं.

“लसीच्या दिवशी यादीत नावच नाही. बाळंतीण लेकरू घेऊन दोन कोस चालत आलती, नर्सबाईनं वापस पाठवली. आता गावात कोणी माह्यावर भरोसा ठेवत नाही.”

“ताई, तारखेवर बोट दाबून धराचं. मंग बदलते ते!” संघदीपचा आवाज चढला. “इतकं सोपं आहे.”

“हो का? मंग हे लिवलं कुठी हाये?” तिचाही चढला.

संघदीपनं उर्वशीकडे पाहिलं. ती बॅग भरत होती.

“चौथं पान,” ती एवढंच म्हणाली.

काढलेली फाईल परत आणायला मिनिटही लागलं नाही. चौथ्या पानावर मथळा होता : जन्मतारीख कशी बदलावी. खाली फक्त दोन वाक्यं. ‘संघदीपला तीनदा विचारलं. त्याला वेळ नाही.’

त्याचे कान तापले. रागवावं असं आता समोर कुणी उरलं नव्हतं.

कौसल्यानं पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसली.

“सांगा आता,” ती म्हणाली. “हळू सांगा. आमच्याकडं आणखी सात जणी हायेत. त्याइचेबी सारे लेकरं बुधवारचेच हायेत.”