तीनशे अकरा नकार

मेरिल ऑस्ट्रँडरचं ‘शनीची कडी’ हे विज्ञानकथांचं मासिक आता वर्षातून चारदाच निघायचं, तरी तो त्याला मासिकच म्हणायचा. कथा ईमेलने घ्यायच्या नाहीत हा त्याचा हट्ट. त्यामुळे अमेरिकेतल्या डुलुथ गावी त्याच्या घराच्या तळघरात दर आठवड्याला कथांची पाकिटं थप्पीने येऊन पडत. वर्गणीदार मात्र उरले होते तीनशे अकरा. मंगळावर वस्ती करायला सगळे एका पायावर तयार, दुसऱ्याची कथा वाचायला कुणाला सवड नाही.

बायको लोर्ना पाकिटं भरायची. तिचं म्हणणं, हे तीनशे अकराही लेखकच आहेत. आपली वर्णी लागावी म्हणून अंक घेतात. मेरिलला ते झोंबलं. शेवटी दोघांत ठरलं, की निव्वळ वाचणारा एक जरी माणूस निघाला तर मासिक चालू ठेवायचं, नाहीतर पुढचा अंक शेवटचा. मासिकाचा तीस वर्षांचा संसार असा एका अनोळखी माणसावर टांगला गेला आणि मेरिल दिवसभर त्याच विचारात राहिला.

त्याच तंद्रीत त्याने घोळ घातला. वर्गणीदारांना पाठवायच्या स्मरणपत्रांऐवजी त्याने नकाराच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला. ‘आपलं लेखन आस्थेने वाचलं, परंतु सध्या स्वीकारू शकत नाही’ ही चिठ्ठी तीनशे अकरा घरी गेली.

चूक कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि शिव्या खायची तयारी करून बसला. शिव्या आल्याच नाहीत. दोन आठवड्यांत कथा मात्र दुपटीने आल्या, ‘मागची नाही जमली, आता ही पाहा’ असं लिहून. नकार नेमका कुठल्या कथेला, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

“बघ,” लोर्ना म्हणाली. “सगळे एका माळेचे मणी.”

मग नेब्रास्काहून एक जाड पाकीट आलं. आर्लीन कुडलिक, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिने लिहिलं होतं, ‘मी जन्मात एक ओळ लिहिली नाही. पहिल्या अंकापासून नुसती वाचते आहे. माझं काय चुकलं?’

मेरिलचे डोळे भरून आले. त्याने पत्र दोनदा मोठ्याने वाचलं.

“बरं बाबा, हरले मी,” लोर्ना म्हणाली. “पण पाकिटात अजून काहीतरी आहे रे.”

पत्राच्या पाठीमागे मजकूर होता: ‘तुम्ही इतक्या आस्थेने लिहिलंत, की म्हटलं, आपणही एकदा लिहून पाहावं. सोबत कथा.’

लोर्ना हसून हसून खुर्चीत बसली. कथा टाकाऊ निघू दे, अशी देवाची करुणा भाकत मेरिल वाचायला लागला. सहाव्या पानावर त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“छापावी लागणार,” तो रडवेला होऊन म्हणाला.

“पुढचा अंक तर भरलाय. आणि तोच शेवटचा.”

“मग त्याच्यापुढचा काढू.”

“अरे, पण तो वाचणार कोण?”

“आर्लीन वाचेल की,” मेरिल म्हणाला. “तिची कथा आहे त्यात.”