लाल टोपीपासून अठरा किलोमीटर

माणसाने एकदा निश्चय केला की निसर्गाला त्याच्यापुढे गुडघे टेकावेच लागतात. हे वाक्य मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या आठवड्यात हिल्काने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यावर दूध-बटाट्यांची यादी चिकटवली. मला काही फरक जाणवला नाही.

फिनलंडमधल्या आमच्या कायानी गावात तेव्हा उणे बावीस अंश होतं. मेमध्ये आमच्या मुलीबरोबर, विर्पीबरोबर, एकवीस किलोमीटर धावायचं मी कबूल केलं होतं. तसं ते आधीची दोन वर्षंही केलं होतं, आणि दोन्ही वर्षी फेब्रुवारी उजाडायच्या आत बूट माळ्यावर गेले होते. विर्पी काही बोलली नाही. पण तिसऱ्यांदा असं झालं तर ती पुन्हा विचारणार नाही, हे फोनवरच्या तिच्या गप्प बसण्यातून मला कळलं होतं. गप्प बसणं आम्हा फिनिश लोकांना छान वाचता येतं.

वाचनालयापर्यंत जाऊन परत यायचं, चार किलोमीटर. त्यापुढे पाय उचलेना. भुवयांवर बर्फ, नाकात बर्फ, आणि घरी सौना, म्हणजे आमची वाफ घ्यायची खोली, नव्वद अंशांवर तापून वाट बघतेय. अशा वेळी कुठला शहाणा पाचवा किलोमीटर धावेल?

मग ती लाल टोपीवाली बाई आली. साठीची असावी. समोरून धावत आली आणि तिने मान हलवली. मीही हलवली, एकदा चालतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गारठा आहे." आता हे फार झालं. या वेगाने आठवडाभरात आम्ही एकमेकांच्या नातवंडांपर्यंत पोचलो असतो. म्हणून तिसऱ्या दिवशी मी पुलावरून गेलो, सहा किलोमीटर. पुलावर समोरून लाल टोपी.

असं रोज वाट लांबवत नवव्या किलोमीटरला, दफनभूमीच्या कडेला, माझ्या लक्षात आलं की तीही मलाच टाळतेय. गावात बर्फ काढलेले रस्ते मोजकेच. एक टाळला की त्याहून लांबचा तेवढा उरतो, आणि तो दोघांनाही सारखाच सुचतो.

मार्च लागेपर्यंत मी लाकडाच्या गिरणीपाशी होतो, चौदा किलोमीटर. विर्पी फोनवर म्हणाली की बाबांच्या जिद्दीबद्दल तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मी विनयाने गप्प राहिलो. स्वयंपाकघरातून हिल्का म्हणाली, "जिद्द कसली, एका बाईला घाबरून पळतोय तो."

त्यानंतरच्या शनिवारी मी तळ्याच्या काठापर्यंत गेलो. जाऊन-येऊन अठरा. तिथे रस्ता संपतो. लाल टोपी तिथेच उभी होती, गुडघे चोळत. पुढे पळायला जागा नव्हती, तिला ना मला.

ती म्हणाली, "मला मुळात तीन किलोमीटर धावायचं होतं हो. तुमच्यामुळे इथवर आले. सोमवारपासून मी घरीच बसणार आहे."

अजून तीन किलोमीटर बाकी होते, आणि ही घरी बसली तर मी चारावर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग मी सगळं सांगून टाकलं. विर्पी, दोन वर्षं, माळ्यावरचे बूट, फोनवरचं गप्प बसणं. एका दमात दहा-बारा वाक्यं झाली असतील. लग्नाची मागणी घालताना मला तीन पुरली होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. तळ्याकडे बघितलं, टोपी कानांवर ओढली.

"बरं," ती म्हणाली. "मेपर्यंत येत जाईन मी. तळ्याला वळसा घालणारी वाट आहे, उन्हाळ्यातली. तिच्यावरचा बर्फ आता घट्ट झाला असेल, एकवीस भरतील."

आभार मानायला मी तोंड उघडलं.

तिने हात वर केला. "फक्त एक करा. एवढं बोलत जाऊ नका."