तळ्याकाठच्या लॉजचं पहिलं बिल

तोरणमाळच्या तळ्याकाठी माझे काका अभिमननाना यांचं लॉज होतं आणि मी त्या लॉजचा मॅनेजर होतो. मे महिन्यात लॉज खचाखच भरायचं, पाहुणे खूश होऊन जायचे आणि पैसे कोणी देऊन जायचं नाही. यात पाहुण्यांचा दोष नव्हता. ते बिचारे द्यायला बघायचे.

लॉजचं नाव 'निसर्ग इको-लॉज'. त्र्याण्णव साली 'इको' हा शब्द नवाच होता. बोर्ड रंगवणारा उखर्डू पेंटर म्हणाला की सध्या हे चालतं, आणि त्यानं तो शब्द स्वतःच्या जबाबदारीवर घालून दिला. बांबू-मातीच्या झोपड्या, कंदील, चुलीवरचं पाणी. वीज आलेली नव्हती म्हणून नव्हती, पण बोर्डामुळे ती आम्ही मुद्दाम घेतलेली नाही असं वाटायचं. जळगावची माणसं उन्हाळ्यातून सुटून घाट चढून वर यायची आणि माकडटोप्या घालून तळ्याकडे बघत बसायची. एका सराफानं तक्रार केली की कुलरची घरघर नसल्यामुळे डोळा लागत नाही. त्याच्या साडूला आम्ही शेजारच्या झोपडीतून त्याच्या झोपडीत हलवलं. साडू घोरणारा होता. सराफानं जाताना व्यवस्थेचं कौतुक केलं.

अडचण नानांची होती. पाहुणा बसमधून उतरला की नाना आधी त्याची पिशवी हातात घेत आणि मग विचारत, "कोनतं गाव तुम्हनं?" चहाला उकळी यायच्या आत नातं निघायचं. कोणाची आत्या आमच्या गल्लीत दिलेली असायची, कोणाचा मामा नानांच्या चुलतसासऱ्याचा व्याही असायचा. नात्यातल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? उलट द्रौपदाकाकूंच्या माहेरकडचं कोणी निघालं, तर निघताना त्याला टोपी-टॉवेल द्यावा लागायचा. हंगाम संपला की दुसरी लॉजवाली माणसं गल्ला मोजत असतील. आम्ही टोप्या किती उरल्या ते बघायचो.

लांबचे पाहुणे आणून पाहिले. धुळ्याच्या बँकेत बदलून आलेलं एक बंगाली जोडपं मी स्वतः गाठून आणलं. त्यांच्याशी काही निघणार नाही अशी माझी खात्री होती. नानांनी मोडक्या हिंदीत चौकशी केली. साहेबांचे वरचे साहेब अमळनेरचे जावई निघाले. म्हणजे आपले जावई. म्हणजे हे जावयाकडचे लोक. त्यांना टोपी आणि साडी दोन्ही गेल्या.

हे असंच चाललं असतं, पण माझं लग्न ठरायला आलं.

मुलगी पहूरची. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला, तुम्ही तिथं नक्की करता काय? मी म्हणालो, पाहुण्यांची व्यवस्था. ती म्हणाली, ते तर आमच्या घरी सगळेच करतात. मला ती तिथंच पसंत पडली. तिचे वडील रुपचंदभाऊ पाइपांची एजन्सी चालवायचे आणि पाण्यासारखंच माणूसही कुठं गळतं ते बघायचे. आमच्या लॉजची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली होती. ते म्हणाले, "मुलगा धंद्याला बसलाय की पंगतीला, ते मी येऊन बघतो. गिऱ्हाईक म्हणून राहीन आणि गिऱ्हाईक म्हणून पैसे देईन. घेतले, तर पुढचं बोलू."

मी नानांना बजावलं की या माणसाला गाव विचारायचं नाही. तो पहूरचा आहे, तेवढंच पुरे. सोयरीक अजून झालेली नाही, म्हणून तो परका. परक्याचे पैसे घ्यायचे. नानांनी तळ्याकडे तोंड करून शपथ घेतली.

रुपचंदभाऊ जानेवारीत आले. नानांनी शपथ पाळली. पिशवीसुद्धा मला उचलायला लावली आणि दिवसभर ते तोंड दाबून हिंडले. रुपचंदभाऊंनी तळं पाहिलं, धुकं पाहिलं, बोर्ड दोनदा वाचला, झोपडीची भिंत ठोकून पाहिली. समाधानी दिसले. माझं अर्धं लग्न झाल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी निखाऱ्यावर वांगी भाजून लाकडाच्या बडगीत ठेचून भरीत केलं. पहिल्याच घासाला रुपचंदभाऊ थांबले. म्हणाले, असं भरीत आमच्या आजीनंतर आज खातोय. भिकुबाई नाव तिचं. पाचोऱ्याची. स्टेशनजवळ माहेर होतं, गाडीचा सिग्नल पडल्याशिवाय चहा ठेवायची नाही.

यात नानांनी काहीच विचारलेलं नव्हतं, हे मी आजही मान्य करतो. पण त्यांच्या हातातली भाकरी खाली गेली.

"भिकुबाई?" ते म्हणाले. "ती तं मन्ही आजीनी सख्खी बहीन शे. म्हंजे तुम्ही मन्हा मावसभाऊ." आणि आनंदाच्या भरात माझ्याकडे बोट करून पुढं गेले, "म्हंजे तुम्हनी पोर यानी—"

तिथं ते थांबले.

"बहीन," काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या.

तळ्यावर एक बदक बोललं, पण त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी नानांकडे बघत होतो. या माणसानं आयुष्यात कधी जोडलेलं नातं परत घेतलेलं नव्हतं. नाना पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले की पाचोऱ्यात तेव्हा भिकुबाई दोन होत्या.

"तीन होत्या," रुपचंदभाऊ ताटातलं भरीत निपटत म्हणाले. त्यांनाही मी आवडलो होतो, निदान भरीत तरी.

"आणि सिग्नल?" काकूंनी विचारलं.

"सिग्नल काय, सगळ्या गावाला दिसायचा," रुपचंदभाऊ म्हणाले.

काकूंनी हात पुसले. "नातं नही ना? मंग पैसा ल्या."

झालं. आता पैसे न घेणं म्हणजे रुपचंदभाऊ मावसभाऊ आहेत असं कबूल करणं, आणि माझं लग्न बहिणीशी लावणं. नानांनी बिल कसं लिहितात ते मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं. मी मॅनेजर होतो, पण तशी वेळ आली नव्हती. शेवटी रुपचंदभाऊंनीच मजकूर सांगितला. राहणं, जेवण, चहा. भरीत वेगळं लावा म्हणाले. नानांनी खाली सही केली ती मृत्युपत्रावर करावी तशी. पैसे घेताना त्यांनी मान फिरवली आणि सवयीनं दुसरा हात फळीवरच्या टोपीकडे नेला.

"टोपी ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या.

रुपचंदभाऊ बोडक्यानंच बसमध्ये चढले. बस वळणाआड जाईपर्यंत नाना टोपी हातात धरून उभे होते.

लग्न वैशाखात झालं. मांडवात जामनेरच्या एका म्हाताऱ्यानं भिकुबाईचा विषय काढलाच. रुपचंदभाऊंनी खिशातून बिल काढून त्याच्या पुढ्यात धरलं. नात्यातला असतो तर या माणसानं माझ्याकडून पैसे घेतले असते का, असं त्यांनी विचारलं. म्हाताऱ्यानं बिल वरून खाली वाचलं. भरीत वेगळं लावलेलं बघून त्याची खात्री पटली.

मानपानात नानांनी रुपचंदभाऊंना दोन टोप्या दिल्या. एक व्याही म्हणून. दुसरी जरा जुनी होती, लॉजच्या फळीवरची. ती कशाबद्दल, हे नानांनी सांगितलं नाही आणि रुपचंदभाऊंनी विचारलं नाही. त्यांनी घातली मात्र तीच.