आगाऊरावांची मुलाखत

पडदामावशींचे खेळ पाहिलेली माणसं हजारो. खेळ करताना मावशींना पाहिलेलं माणूस एकही नाही. चाळीस वर्षं त्या छातीइतक्या उंच पडद्यामागे गुडघ्यांवर बसून, हात वर करून बाहुल्या नाचवत आल्या होत्या. पडद्याबाहेर मावशी मुखदुर्बळ. दुकानात साबण मागायला गेल्या तर दुकानदाराला वाटायचं, बाई कसली तरी माफी मागतेय. पण एकदा का हातात आगाऊराव चढला, की समोर नगराध्यक्ष असला तरी त्याची धडगत नसे. लाकडी डोकं, लाल नाक, जीभ वस्तऱ्यासारखी. सून म्हणायची, आमच्या घरात बोलणारं माणूस एकच आहे आणि ते खुंटीला टांगलेलं असतं.

मावशींच्या मनात एक सल मात्र जुना होता. खूप वर्षांपूर्वी परदेशातून एक बाहुलीकार बाई खेळ घेऊन आली होती. तिच्या बाहुलीनं चक्क डोळे मिटले होते. पापणी कातड्याची आणि आत कुठेतरी दोरा, एवढंच मावशींना दिसलं. घरी येऊन त्यांनी शंभर पापण्या कापल्या. एकही मिटली नाही. आगाऊराव हसला तरी डोळे सताड उघडे, झोपला तरी उघडेच. झोपेचा प्रसंग आला की मावशी त्याची टोपी पुढे ओढायच्या आणि दरवेळी मनात खट्टू व्हायच्या.

त्याच बाईच्या कार्यशाळेत तीन महिने राहून शिकायची आणि शिकवायची एक शिष्यवृत्ती होती. दरवर्षी एकाच कलावंताला मिळे आणि कुणालाही अर्ज तीनदाच करता येई. मावशींचे दोन झाले होते. दोन्ही वेळा मुलाखतीला संगणकाच्या कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा दिसला आणि त्यांची वाचा बसली. पहिल्या वेळी नाव तरी सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी तेही नाही. हा तिसरा, शेवटचा.

सुनेनं अर्ज भरला आणि तीन आठवडे तालीम घेतली. चष्मा नाकावर ओढून ती परीक्षक व्हायची आणि मावशी भिंतीकडे बघत उत्तरं द्यायच्या. आगाऊराव शेवटी दाखवायचा, तोवर मांडीवर ठेवायचा, असं पक्कं ठरलं.

मुलाखतीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन जाड पुस्तकं आणि त्यांवर संगणक ठेवला. पडद्यावर तीन परीक्षक आले आणि कडेला एक दुभाषी. मधल्या त्या निवड समितीच्या अध्यक्षीणबाई, ताठ मानेच्या, गळ्यात मोत्यांचा सर. सुनेनं कॅमेरा सुरू केला. दिवा लागला, समोर चेहरे, अगदी खेळ सुरू होताना असतात तसे. चाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी कुणाला विचारलं नाही. ते आपसूक वाकले, मावशी टेबलाखाली गेल्या आणि हात वर आला.

अर्जदार कुठे आहेत, असं अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"अर्जदार खाली आहे," आगाऊराव म्हणाला. "कामाचं काय ते माझ्याशी बोला."

सुनेनं कपाळाला हात लावला. दुभाष्यानं मान खाली घालून इमानेइतबारे भाषांतर केलं. एका परीक्षकाचा चहा नाकातून आला.

त्यांनी विचारलं, आमच्याकडे का यायचंय? आगाऊराव म्हणाला, "चाळीस वर्षं डोळ्याला डोळा नाही, बाई. मिटायला शिकवाल का?" त्यांनी विचारलं, आणि बदल्यात आम्हाला काय शिकवाल? बोलायला, म्हणाला, मघापासून तिघंही कागद बघून वाचताय. दुभाषी आता त्याला 'आपण' म्हणू लागला होता.

अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले, पण नियम तो नियम. अर्जदाराचा चेहरा दिसला नाही तर मुलाखत रद्द.

सून टेबलाखाली वाकली. "आई, नुसतं तोंड दाखवा. दोन मिनिटं." मावशींनी नकारार्थी मान हलवली.

वर आगाऊरावानं घसा खाकरला. "ती वर यायला लाजते. तुम्ही खाली जा, म्हणजे फिट्टंफाट."

अध्यक्षीणबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं त्यांच्या टेबलाच्या कडेवरून एक राखाडी लोकरी हातमोजा वर आला आणि बारीक आवाजात नमस्कार म्हणाला. भाषांतर करताना दुभाष्याचाही आवाज बारीक झाला.

पडद्याच्या भोकातून प्रेक्षक बघायची सवय. मावशींनी टेबलाच्या कडेवरून एक डोळा वर काढला. नेमका तेव्हाच हातमोजा कंबरेत मोडल्यासारखा लोंबला. मावशींना सगळं सोसवत असे, पडलेलं मनगट नाही. मनगट पडलं की बाहुली मेली, हे त्यांनी सुनेलाही लग्नाच्या आठवड्यातच ऐकवलं होतं.

"अहो, मनगट," म्हणत मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "मनगट वर ठेवा, मरतेय ती. अंगठा आत घ्या. अजून आत."

कॅमेऱ्यात आधी त्यांचं सुटलेल्या अंबाड्याचं टोक दिसलं, मग कपाळ, मग त्या इतक्या जवळ आल्या की नुसतं नाक. दहा मिनिटांत एका परीक्षकाच्या हातावर रुमाल चढला, दुसऱ्याच्या हातावर पायमोजा. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. दुभाषी तर रिकामाच हात वर करून भाषांतर करत होता. मधेच मावशींना कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला. "तू थांब जरा," असं त्याला सांगून त्या पुन्हा पायमोज्याकडे वळल्या.

शेवटी अध्यक्षीणबाई वर आल्या. केस विस्कटलेले, मोती पाठीवर गेलेले. हा हात सुधारायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं.

सुजलेला पाय बघावा तसा मावशींनी तो हात पाहिला. "तुमचा? तीन महिने तरी."

"शिष्यवृत्ती तीन महिन्यांचीच आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "या."

निघायच्या दिवशी सून म्हणाली की विमानात आगाऊराव पिशवीत राहील. तर खिडकीची जागा माझी, असं पिशवीतूनच उत्तर आलं. मावशींनी त्याला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, सवयीनं टोपी पुढे ओढायला बोट नेलं आणि मागे घेतलं.

"थोडे दिवस अजून जाग," त्या म्हणाल्या. आपल्याच आवाजात, चांगल्या खणखणीत.