माझ्या पोटातला खोटा हायलायटर

मी एक जुनी पत्र्याची कंपासपेटी आहे. नारपोलीत फखरुद्दीनशेठच्या घरी राहते. खाली लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, कारखाना आणि वर घर. मित्रांनो, मी कुठे घडले ते मला आता आठवतही नाही. आठवतो तो अरशद, शेठचा थोरला मुलगा. माझ्यातल्या कर्कटकाने तो वर्तुळ असं काढायचा, की गणिताच्या बाई त्याची वही सगळ्या वर्गाला दाखवायच्या.

अरशदने एकदा चोरून सिगारेट ओढली होती. पण लूमवाल्यांच्या घरात आगीची धास्ती मोठी. सुतावर एक ठिणगी पडली, की सगळं संपलं. म्हणून शेठ रोज संध्याकाळी मुलांच्या दप्तरात माचिस शोधायचे, हात हुंगायचे. अरशद त्याच दिवशी सापडला आणि कायमचा सुधारला.

मग मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, नववीतल्या अफीफाकडे आले. शाळेच्या खो-खो संघात तिच्यासारखं पळणारं कुणी नव्हतं. गणपतीच्या सुट्टीनंतर तिची मैत्रीण ऋतिका एक गुलाबी, चपटी वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट, घेऊन आली.

"अगं, धूर न्हाय, नुसती वाफ हाय. आंब्याचा वास येतो बघ."

झालं! कर्कटक आणि कोनमापक बाहेर गेले आणि ती वेप माझ्या पोटात आली. वर्गात अशी वेप आधी एकाच मुलीकडे होती, दिवाळीपर्यंत सात जणींकडे झाली. आणि याच मुली सिगारेटला नाकं मुरडायच्या! मला इतका संताप यायचा, पण पत्र्याला तोंड कुठलं?

शेठचं दप्तर तपासणं चालूच होतं. एकदा त्यांनी ती वेप हातात घेतली.

"हे काय गो?"

"हायलायटर, अब्बा."

"बरं."

माचिस नव्हती, वास आंब्याचा होता. शेठनी ती स्वतःच आत ठेवली आणि माझं झाकण दाबून लावलं. तेव्हा मला रडावंसं वाटलं.

पुढे अफीफाला जिना चढताना धाप लागू लागली. खो-खोच्या निवडीत ती अर्ध्यातच खाली बसली आणि संघातून तिचं नाव गेलं. शेठ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी दप्तरात होतेच.

"माझीच चूक हाय," शेठ डॉक्टरांना म्हणाले. "लूमची रुई पोरीच्या छातीत गेली. उद्यापासून खालचे लूम बंद करतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! अफीफा हमसून रडू लागली. तिने मला उघडलं आणि वेप टेबलावर ठेवली.

"अब्बा, लूम बंद करू नका. मी हे ओढते."

शेठ ती वस्तू उलटसुलट करून बघत राहिले. "मीच तर ही परत आत ठेवली होती गो," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, अफीफाचं औषध चालू आहे. पण बाकीच्या सहा जणी अजून ओढतात आणि त्यांच्या घरी कुणाला पत्ता नाही. याचाच मला राग येतो. आईबापांनो, नुसतं हुंगू नका, जवळ बसून विचारा. आणि मुलांनो, घरचं माणूस तुमच्यासाठी स्वतःला दोष देऊ लागेपर्यंत गप्प राहू नका.