एकसष्ट गाण्यांची यादी

चार वाजले, सव्वाचार झाले, तरी जयंतीबाई मोबाईलला हात लावायला धजावेनात. विद्याधर पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात कुणीतरी आणून मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता आणि डोळे मोबाईलवर लागले होते. रोज चारला गाणी लागायची. दोन महिन्यांत एक दिवस खंड नव्हता. कालपर्यंत.

"लावते हं," त्या म्हणाल्या आणि मोबाईल तसाच उपडा ठेवून वाती वळायला बसल्या. कापूस बोटांना चिकटत राहिला.

वैशाखात विद्याधरांना पक्षाघाताचा झटका आला. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा, ते दवाखान्यातून घरी आले ते मुके होऊन. सगळं कळायचं, हसायचे, रागवायचे. शब्द तेवढा ओठांवर यायचा नाही. मग घाटकोपरहून रुचिरा यायला लागली, आठवड्यातून दोनदा. झटक्यानंतर बोलायला शिकवणं हेच तिचं काम. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, काकांना गाण्याची आवड?"

आवड? आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली ती जणू संध्याकाळी गाणी ऐकायला मिळावीत म्हणून. आणि ऐकणंही कसं, तर हेकट. एकच अभंग दहा जणांनी गायलेला असला तर त्यातला एकच चालायचा, तोही स्टुडिओतला नव्हे, बैठकीतला. "ह्यात जीव नाही," म्हणून अर्ध्यात बंद करायचे. मुलानं, मिहिरनं, आठ वर्षांपूर्वी त्यांना गाण्यांचं ॲप घेऊन दिलं. त्यात त्यांनी निवडून निवडून एक यादी केली होती. आठ वर्षांत गाणी किती, तर एकसष्ट!

"बोलण्याचा हमरस्ता बंद झालाय," रुचिरा म्हणाली, "पण गाण्याची गल्ली उघडी असते कधीकधी. तिथून शिरू या."

आणि शिरल्या. गाणं लावायचं, ओळ संपत आली की आवाज बारीक करायचा, शेवटचा शब्द विद्याधरांनी उचलायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका ओळीचं शेवटचं 'पाणी' गाऊन पुरं केलं, आणि त्याच रात्री जेवताना, गाणंबिणं काही नसताना, तांब्याकडे बघत म्हणाले, "पाणी." जयंतीबाई देवापुढे जाऊन बसल्या त्या अर्धा तास उठल्या नाहीत. तिथून पुढे दिवा, दार, ये, नको असे मिळून नऊ शब्द झाले. कॅलेंडरच्या चौकटीत त्यांनी प्रत्येक शब्द बारीक अक्षरात लिहून ठेवला होता.

आता ते नऊही गेले होते, आणि ते कसे गेले हे जयंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी मिहिर घरून काम करतो. काल दुपारी तिघं जेवायला बसली होती. जयंतीबाईंचं चातुर्मासात मौनानं जेवण असतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आणि त्यांचं मौन साधं नव्हे, काष्ठमौन. लाकडासारखं. बोलायचं तर नाहीच, पण मान नाही, हात नाही, डोळ्यानं खूण नाही. खुणेनं बोललं तरी ते बोलणंच, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं.

मिहिर वरणभात कालवत म्हणाला, "आई, बाबांचं ते जुनं ॲप काढून टाकतो. मी नवं घेतलंय ना, आपल्या तिघांना एकच. आवाज काय झकास आहे! सगळी गाणी आहेत त्यात, लाखांनी. उगाच दोन-दोन कशाला?"

जयंतीबाईंचा घास हातातच राहिला. यादी! गाणी लाखांनी असतील, पण यादी?

"बाबा, चालेल ना?" विद्याधर लेकाकडे बघून नुसते हसले. त्यांना प्रश्न कळला की लेकाचा उत्साह कळला, कोण जाणे. मग मिहिर आईकडे वळला. "तुझं मौन, माहितीये. नको असेल तर नुसता हात वर कर."

हात वर करायला किती वेळ लागतो? डावा हात मांडीवरच होता. तो उचलायचा तेवढा. पण बत्तीस चातुर्मास न मोडलेलं व्रत त्या हातावर बसलं होतं. पानात चार घास आहेत, त्यांनी मनात हिशेब केला, भराभर संपवते, चूळ भरते, आणि सांगते. तोवर काय बिघडतंय?

"नाही वर झाला. पास!" मिहिर हसला, ताट उचलून आत गेला.

त्या चूळ भरून आल्या तेव्हा तो मोबाईल खिशात टाकत होता. "झालं. अकाउंटच डिलीट केलं, कटकट नको."

"अरे, आणि यादी?"

"कुठली यादी?"

कंपनीला त्यानं लगेच लिहिलं. तासाभरात गोड भाषेत उत्तर आलं की पुसलेलं परत आणता येत नाही.

चार वाजता नव्या ॲपवर त्यातल्या त्यात ओळखीचा अभंग लावून बघितला. नाव तेच, शब्द तेच. विद्याधरांनी नेहमीच्या जागी तोंड उघडलं, पण गायक तिथे नव्हताच. तो मागे रेंगाळला होता. विद्याधर थांबले, पुन्हा शिरायला बघितलं, तर चाल भलतीकडेच चढली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू मिटलं. ते मिटणं जयंतीबाईंनी बघितलं. रात्री पाणी हवं होतं तर बोटानं दाखवलं. आज सकाळीही बोटच.

दुपारी त्यांनी चोरट्यासारखा गॅलरीत जाऊन रुचिराला फोन केला. "आलेले शब्द परत जातात का गं?"

  मग रुचिरा म्हणाली, "वापर थांबला तर अवघड होतं, काकू. घाबरू नका, पण थांबूही नका. चिडले तर चिडू देत. गप्प-गप्प व्हायला लागले तर मला कळवा."

गप्पच तर झाले होते.

साडेचारला लॅचचा आवाज झाला. मिहिर पवईच्या ऑफिसातून लवकर सुटून आला होता. बूट काढता काढता त्यानं बापाकडे पाहिलं, मग आईकडे. "लावलं नाहीस?"

"भीती वाटते रे."

तो जवळ येऊन बसला. वातींचा ढीग बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाला, "आई, नुसता हात वर करायचा होतास गं."

"काष्ठमौनात खूण करत नाहीत."

"मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, बोलायचं नाही एवढंच."

जयंतीबाईंनी हातातली वात पुन्हा उलगडली. देवासाठी आपण गप्प बसलो, की बत्तीस वर्षांचा आकडा मोडेल म्हणून? रात्रभर हाच प्रश्न उशाशी होता. देव रागावला असेल याची भीती नव्हती. तो कशाला रागावेल? भीती ही होती की देवानं विचारलं, मी मागितलं होतं का हे तुझ्याकडे, तर काय सांगायचं.

"चल," मिहिर उठला. "जुन्या ॲपवर नवीन अकाउंट काढलंय. नवं आहेच. आणि हे तिसरं, ह्यात जुनं मराठी भरपूर आहे म्हणतात, महिनाभर फुकट. तिन्हीकडे शोधू. सापडेल तिथे राहू. तू फक्त सांग कुठली गाणी."

"पहिला तो अभंग. सकाळचा."

"कुणी गायलेला?"

जयंतीबाई आठवू लागल्या. आठ वर्षं ती गाणी ह्या घरात वाजली होती. त्यांनी ती ऐकली होती कुकरच्या शिट्टीतून, मिक्सरच्या घरघरीतून, स्वतःच्या जपातून. चाल डोळे मिटून ओळखली असती. गायकाचं नाव कधी विचारलं नव्हतं. ज्याला ठाऊक, तो समोर बसला होता, आणि त्याला सांगता येत नव्हतं.

"पुरुषाचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "जाडसर. आणि... मध्येच मागे कुणीतरी खोकतं."

"खोकतं?"

"हो. दुसऱ्या कडव्याच्या आधी. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी."

"अगं, खोकला सर्च कसा करू मी?" मिहिर म्हणाला. एरवी तिघंही हसली असती.

जुन्या ॲपवर त्या अभंगाची चौदा रूपं निघाली, नव्यावर नऊ, तिसऱ्यावर बावीस. मिहिर एकेक लावायचा, पंधरा-वीस सेकंद, आणि दोघं विद्याधरांच्या तोंडाकडे बघायची. पहिलं लागलं. काही नाही. दुसरं, बाईचा आवाज. तिसऱ्याला बासरीच दोन मिनिटं. पाचव्याला त्यांनी कान दिल्यासारखं वाटलं, जयंतीबाई पुढे वाकल्या, पण तिसऱ्या शब्दाला त्यांची नजर खाली गेली. सातव्यानंतर ते भिंतीकडे वळले. दहाव्याला डाव्या हातानं पांघरूण ओढून कानावर घेतलं.

"पुरे कर रे! मिटत चाललेत ते."

"अजून कितीतरी आहेत आई."

"पुरे म्हणते ना! प्रत्येक चुकीच्या गाण्याबरोबर एकेक दार लागतंय. दिसत नाही तुला?"

मिहिरचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "चहा टाकतो," म्हणून तो आत गेला. मोबाईल पलंगावरच राहिला.

जयंतीबाईंनी पांघरूण हळूच खाली केलं. "अहो," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं हो. मी हात वर करायला हवा होता." विद्याधरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे कोरडे होते. रडले असते तरी बरं वाटलं असतं.

आणि तेवढ्यात ॲपनं आपलं आपण पुढचं गाणं सुरू केलं.

तोच अभंग, पण त्याला मिरवणुकीतला ढोल जोडलेला, खाली कसली तरी धडधड, आणि गाणारा दोन ओळींमध्ये "हे! हे!" करत होता. जयंतीबाईंनी घाईनं मोबाईल उचलला. पडदा काळा. बाजूचं बटण दाबलं तर आवाज आणखी चढला. दुसरं दाबलं, मोबाईलनं मिहिरचं बोट मागितलं. "मिहिर! अरे मिहिर!" ढोलात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

विद्याधर सरळ बसले होते. चेहरा लालबुंद, मानेची शीर फुगलेली, ओठ एका बाजूला ओढले गेलेले.  दुसरा झटका. हा दुसरा झटका. असंच झालं होतं वैशाखात, असाच चेहरा. नारायणा, नको रे, शब्द नकोत मला, एकही नको, माणूस तेवढं ठेव...

"ब..." विद्याधर म्हणाले. "बं... बंद कर हे!"

मिहिर चहाची गाळणी हातात घेऊनच धावत आला. थेंब फरशीवर पडत होते. "कोण बोललं?"

 जयंतीबाईंनी मोबाईल पुढे केला. मिहिरनं तो बंद केला. खोली एकदम रिकामी झाली. विद्याधर धापा टाकत होते, पण चेहरा ओसरत होता, ओठ जागेवर येत होते. झटका नव्हता. राग होता. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या मांडवातल्या कर्ण्यावर यायचा, तोच.

"तीन शब्द," मिहिर पुटपुटला. "बाबा, पुन्हा म्हणा! काय म्हणालात?"

विद्याधरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि जयंतीबाईंची भीती जागच्या जागी परत येऊन बसली.

मिहिरनं रुचिराला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "रागाचे शब्द वेगळ्या वाटेनं येतात," ती म्हणाली. "कधी नुसतेच येतात आणि जातात. फार भरवसा ठेवू नका लगेच. पण काका ऐकतायत, त्यांना फरक कळतोय, आणि त्यांचं मत आहे. मत असलेल्या माणसाला बोलायची गरज असते, काकू."

फोन ठेवल्यावर मिहिर म्हणाला, "आज राहू दे मग? दमलेत ते."

राहू दे, असंच जयंतीबाईंच्या जिभेवर आलं होतं. बिचाऱ्यांना पुन्हा त्या चुकीच्या आवाजांच्या तोंडी द्यायचं? पुन्हा चेहरा लाल झाला तर? ह्या वेळी खरंच झटका आला तर? दहा गाण्यांनी त्यांना भिंतीकडे वळवलं होतं, अकराव्यानं उठवून बसवलं. बारावं काय करील, कुणी सांगावं?

त्यांनी विद्याधरांचा डावा हात हातात घेतला, बोटं नाडीवर ठेवून. नाडी जोरात होती, पण एका लयीत.

"लाव," त्या म्हणाल्या.

"आई, नक्की?"

"लाव म्हणते ना. ढोलाचं नको. तिसऱ्या ॲपवरचं लाव, जुनं काहीतरी. चुकीचं असलं तरी लाव."

मिहिरनं लावलं. पेटी, टाळ, मग एक पातळ, उंच आवाज. यादीतला हा नव्हे, हे जयंतीबाईंनासुद्धा कळलं. नाडी त्यांच्या बोटांखाली भरभर चालू लागली. विद्याधरांच्या भुवया जवळ आल्या. एक ओळ गेली, दुसरी गेली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. मोबाईलकडे पाहिलं, नापसंत भाजी पानात वाढल्यासारखं.

"हा..." ते म्हणाले. जीभ टाळूला लागली, सुटली, पुन्हा लागली. "हा... नव्हे."

मिहिरनं गाणं थांबवायला हात पुढे केला. जयंतीबाईंनी डोळ्यांनीच त्याला अडवलं आणि विद्याधरांकडे वाकल्या. 

"मग कोण?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा. मला खरंच ठाऊक नाही हो."

विद्याधर त्यांच्याकडे बघत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा हिनं विचारलं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. पातळ आवाज गात राहिला. त्यांचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, एक अक्षर कुठेतरी आत धरून. जयंतीबाईंनी हात सोडला नाही, की मदतीला शब्द सुचवला नाही. त्या नाडी मोजत वाट बघत राहिल्या.