टिटवीच्या अंड्यांभोवती फक्की

आमचे हे, म्हणजे बंडोपंत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाले. छद्मावरण हा त्यांचा लाडका विषय. जेवताना मीठ मागितलं तरी सुरू होतात: वाघाचे पट्टे, नाकतोड्याचा हिरवा रंग, सुक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू.

चैत्रात पवनारला धाम नदीच्या कोरड्या पात्रातून चालताना माझा पाय टिटवीच्या अंड्यांवर पडता पडता राहिला. मातकट रंग, वर काळे ठिपके, गोट्यांत ठेवलेले गोटेच. टिटवी डोक्यावर कोकलत घिरट्या घालत होती. माझा जीव गलबलला आणि घरी येऊन मी ह्यांना सांगून बसले.

पिपरी मेघेत ह्यांचं निसर्गमित्र मंडळ आहे. रविवारी सगळं मंडळ नदीवर हजर झालं. अंगात पुलगावच्या बाजारातून आणलेली मिलिटरीच्या चट्ट्यापट्ट्यांची जॅकेटं, डोक्यावर तशाच टोप्या. ह्या मंडळींना खायला कोण टपलं होतं, देव जाणे.

"कोणाचा पाय पडू नये, हद्द आखा," हे म्हणाले. सचिव निशांतनं कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी पांढरीशुभ्र फक्की अंड्यांभोवती मारली. मग बांबू रोवले, लाल फीत ताणली. वर फ्लेक्स लागला: 'सावधान! येथे टिटवीची अंडी आहेत', आणि खाली बाण. पदाधिकाऱ्यांचे फोटो एवढे मोठे की टिटवीला कोपऱ्यात बसावं लागलं. नारळ फुटला, ह्यांचं भाषण झालं. विषय अर्थातच छद्मावरण.

"अहो, दिसत नव्हती म्हणून तर वाचली होती ती अंडी," मी म्हटलं. "आता आंधळ्यालेही दिसतीन."

"तुले नाई समजत. लोकांमध्ये जाणीव होऊन राह्यली."

जाणीव कावळ्यांना झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कावळा फ्लेक्सच्या बांबूवर बसून चोच पुसत होता आणि फक्कीच्या गोलात नुसती टरफलं होती. टिटवी लांब पाण्याकाठी उभी होती, गप्प. तिचं ते गप्प राहणं मला सोसेना. मंडळानं शोकसभा घेतली आणि ठराव केला की पुढल्या वेळी फ्लेक्स मोठा हवा, शिवाय हॅलोजन पण लावावा.

काही आठवड्यांनी आम्ही परत पवनारला गेलो. मी जरा पुढे चालत होते. टिटवीनं पुन्हा अंडी घातली होती, थोडी वर, बाभळीजवळच्या खडीत. मी थबकले. तेवढ्यात हे मागून आले, गळ्यात कॅमेरा.

"काय पाहून राह्यली?"

"गोटे," मी म्हटलं.

ह्यांनी चष्मा वर सरकवला, कंबरेत वाकले आणि थेट अंड्यांवर नजर लावून चांगलं निरखून पाहिलं.

"गोटेच तं आहेत," म्हणाले आणि पुढे चालू लागले.